पूजेला बसलेला जॅक

महिपतरावांनी आयुष्यात स्वतःच्या हाताने दुरुस्त केलेली एकमेव वस्तू म्हणजे छत्री, आणि तीही नंतर उघडली की मिटत नसे. तरीही खंडेनवमीच्या सकाळी, हातात मोटारीची नवी कोरी स्प्रिंग घेऊन ते बायकोला म्हणाले, "त्यात काय एवढं? जुनी काढायची, नवी घालायची."

वच्छलाबाई दोन पावलं मागे सरकल्या. छत्री त्यांनीच वापरली होती.

सत्त्याहत्तर सालची गोष्ट. महिपतराव सोलापुरात एका गिरणीच्या ऑफिसात हेडक्लार्क होते. निवृत्त होताना मॅनेजरसाहेबांनी आपली जुनी मोटार त्यांना विकली होती. (विकली म्हणण्यापेक्षा तिच्यातून आपली सुटका करून घेतली, हे जास्त खरं.) दसऱ्याच्या आठवडाभर आधी ही मोटार एका खड्ड्यात गेली, खालून कट्ट असा आवाज आला, आणि पुढच्या डाव्या कोपऱ्यावर तिने जी बसकण मारली ती काही केल्या उठेना. महादेवप्पा मिस्त्रींनी खाली वाकून पाहिलं आणि स्प्रिंगचे दोन तुकडे झाल्याचं सांगितलं. नवी पुण्याहून मागवली. ती आली नेमकी नवमीच्या सकाळी.

एरवी दोन दिवस उशीर झाल्याने काही बिघडलं नसतं. पण माढ्याकडच्या गावात महिपतरावांचे सासरे रामहरी आप्पा पाय मोडून बसले होते. दसऱ्याला गाव शीव ओलांडायला निघालं की सगळ्यांच्या पुढे आप्पा, ही वहिवाट. या वर्षी पाय प्लॅस्टरमध्ये. धाकट्या जावयाने आपली जीप आणतो म्हटलं, तर आप्पांनी त्याला चारचौघांत सांगितलं, "नगं. औंदा मी थोरल्या जावयाच्या मोटारीतनं शीव वलांडणार हाय." महिपतरावांना हे कळलं तेव्हा त्यांची छाती दोन बोटं फुगली. सासुरवाडीला आजवर ते एस.टी.तून, मांडीवर बोचकं घेऊन गेलेले. आता गाडी पोचली नाही तर आप्पा सगळ्या गावासमोर फेटा बांधून ओट्यावरच बसणार होते.

स्प्रिंग घेऊन ते आधी मिस्त्रींकडेच गेले होते. गॅरेजात पाने, हातोड्या, पक्कडी पाटावर ओळीने मांडलेल्या, वर झेंडूची फुलं. मिस्त्री स्वच्छ धोतर नेसून उदबत्ती लावत होते.

"आज न्हाय जमायचं साहेब. हत्यारं पूजेला बसली की."

"अहो, पण अर्ध्या तासाचं काम!"

"व्हय की. पण आज त्येंची सुट्टी हाय."

म्हणून महिपतरावांनी ते छत्रीच्या तोडीचं वाक्य उच्चारलं आणि लेंगा खोचून कामाला लागले. हत्यारांची पिशवी गाडीबरोबरच मिळाली होती. आई, गोजरबाई, जोत्यावर बसून बघत होती. तिला ऐकू जाईल अशा बेताने ते म्हणाले, "आई, आता ही माझी हत्यारं बरं का!"

(माणसाने बढाई मारावी, पण सणवार बघून मारावी.)

जॅक लावला. गाडी उचलली. चाक निघालं. मग काय ढिलं केलं ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं, पण तुटकी स्प्रिंग एकदम सुटली, त्यांच्या कानाजवळून गेली आणि अंगणातल्या हौदात जाऊन पडली. महिपतराव जागच्या जागी खाली बसले. थोड्या वेळाने त्यांनी स्वतःचा कान चाचपून पाहिला, तो होता. मग नवी स्प्रिंग जागेवर बसवायला घेतली. ती बसेना. ते तिच्यावर बसले, तरी ती दबेना. शेवटी जेवून ताकद येईल असा विचार करून ते आत गेले. जेवणात पुरणपोळी होती. पुरणपोळीने ताकद येत नाही, झोप येते.

जाग आली ती उदबत्तीच्या वासाने. बाहेर येऊन बघतात तर अंगणात रांगोळी. पाटावर त्यांचे सगळे पाने, हातोडी, नवी स्प्रिंग, हौदातून काढलेली तुटकी स्प्रिंगसुद्धा, सगळ्यांना हळदकुंकू. गाडीखालच्या जॅकला झेंडूची माळ. गोजरबाई हात जोडून उभी होती.

"आई! हे काय केलंस?"

"काय केलं म्हंजे? पूजा केली. तूच म्हनलास की तुजी हत्यारं म्हनून."

"अगं, पण मला गाडी जोडायचीय! उद्या आप्पांकडे जायचंय!"

"मंग आता न्हाय हात लावायचा. उद्या शीव वलांडून, सोनं घरात आलं की उचल."

"निदान तो जॅक तरी..."

"त्यो तर मेन हाय," गोजरबाई म्हणाली. "समदा भार त्येच्यावर."

गोजरबाईच्या सासरी खंडेनवमीला नांगर, कुऱ्हाडी, कोयते, कुळवाची पास अशी भिंतभर हत्यारं मांडत. सोलापुरात लेकाच्या घरी आल्यापासून एक विळी, एक अडकित्ता आणि महिपतरावांचं फाउंटन पेन. पेनाला कुंकू लावताना तिला दरवर्षी ओशाळल्यासारखं व्हायचं. आज कितीतरी वर्षांनी तिचा पाट भरला होता. तिच्या चेहऱ्यावरचं समाधान बघून महिपतरावांनी जॅककडे नेलेला हात मागे घेतला.

त्यांनी मनाशी हिशेब मांडला. शीव ओलांडायला गाडी हवी. गाडी हलायला जॅक हवा. आणि शीव ओलांडल्याशिवाय जॅक हलणार नाही. ऑफिसात अशा फायली त्यांनी पुष्कळ पाहिल्या होत्या, पण एकीवर स्वतःच चढून बसण्याची ही पहिलीच वेळ.

दसऱ्याच्या सकाळी भाड्याच्या मोटारी शोधून झाल्या. सगळ्या आधीच ठरलेल्या. वच्छलाबाई नवं लुगडं नेसून तयार होत्या आणि गाडीकडे न बघता बोलत होत्या.

"आप्पांनी सकाळपासून फेटा बांधला असेल."

"मला काय कळत नाही का?"

"अहो, त्यांनी जीप नाकारलीय तुमच्यासाठी."

महिपतरावांना खरोखरच वाईट वाटलं. या माणसाने भरल्या गावात आपल्यावर विश्वास टाकला आणि आपण त्याला झेंडूच्या माळेत अडकवला, असं त्यांच्या मनात येत राहिलं.

इतक्यात गल्लीतल्या चन्नवीर ड्रायव्हरने आपला ट्रक सुरू केला. ट्रकला केळीचे खुंट, आंब्याचे डहाळे, झेंडूचे हार, मागच्या बाजूला रिबिनी. चन्नवीरच्या घरी रीत वेगळी: पूजा झाली की मुहूर्ताची एक फेरी मारलीच पाहिजे. तो रिकामा ट्रक घेऊन माढ्याच्या बाजूला निघाला होता.

महिपतराव धावत गेले. "चन्नवीर, वाटेत आमच्या आप्पांना निरोप दे. म्हणावं, गाडी मोडलीय, येता येत नाही. माफी मागितलीय म्हणून सांग."

"सांगतो की," चन्नवीर म्हणाला आणि हॉर्न वाजवत गेला.

संध्याकाळी सोनं घरात आलं आणि हत्यारं मोकळी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री आले. त्यांनी गल्लीतली चार वजनदार माणसं बॉनेटवर बसवली, खालून जॅक दाबला आणि स्प्रिंग गपकन जागेवर गेली. (आठ दिवस डावीकडे झुकलेली गाडी आता उजवीकडे झुकायला लागली, पण झुकण्याची तिला सवय होती.) महिपतराव तोंडपाठ माफी घोकत सासुरवाडीला निघाले. वच्छलाबाई वाटभर खिडकीबाहेर बघत होत्या.

गावात शिरले तर पारावरचे लोक उठून उभे राहिले. कुणी हात जोडले. कुणी "या जावईबापू!" म्हणालं. महिपतरावांना वाटलं, थट्टा चालली आहे. आप्पा ओट्यावर पाय लांब करून बसले होते, आणि चक्क हसत होते.

महिपतराव त्यांच्या पायाशी वाकले. (प्लॅस्टरच्या पायाशी, घाईत.) "आप्पा, चुकलो. काल गाडी..."

"हळू बोला," आप्पा कुजबुजले. "तुमचा मानूस आला. निरोप हाय म्हनला. म्या म्हनलं, निरोप ऱ्हाऊ दे, आदी दार उघड. चौघांनी उचलून केबिनीत बशिवलं मला. मागं समदा गाव चढला, हलगीवाल्यासकट. शीव वलांडून पार पुढल्या गावापत्तूर जाऊन आलो. जीपवाला जावई बी मागंच हुबा हुता." त्यांचे डोळे भरून आले. "इज्जत राखलीत बगा."

महिपतरावांचा जीव भांड्यात पडला. वच्छलाबाईंनी दोन दिवसांत पहिल्यांदा त्यांच्याकडे कौतुकाने पाहिलं. ते ताठ झाले, उपरणं सारखं केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चला आप्पा, आज माझ्या मोटारीतून एक चक्कर मारू."

गावकऱ्यांनी अंगणातल्या त्या उजवीकडे कललेल्या मोटारीकडे पाहिलं. मग एकमेकांकडे पाहिलं. शेवटी म्हातारे कोंडीबा महिपतरावांच्या जवळ आले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले,

"जावईबापू, असं काय वंगाळ झालं, की एका रातीत त्यो मोटा ट्रक इकावा लागला?"