शंखाचा मान

सोनपेठच्या बसवराज अप्पांनी कापडाचं दुकान वाढवलं, आणि गादीवर बसून बसून पोटही. शंखाचा मान मात्र वडिलांकडून आलेला. महाशिवरात्रीला टेकडीवरच्या महादेवाच्या दारात अप्पांचा शंख वाजल्याशिवाय पालखी आत जात नसे.

शाळेत खेळ शिकवणारी सून महेश्वरी त्यांना रोज चालायला पिटाळायची. "मामा, छाती हवा घेती अन् काळीज ती अंगभर पोचवतं. बैलजोडीच हाय ती. रोज जुंपली न्हाई तर ऐन चढाला बसती," असं तिचं म्हणणं. अप्पा पहाटे बूट घालून निघत आणि नाक्यावरच्या सटवाजीच्या हॉटेलात गरम भज्यांपुढे ठाण मांडत. परतताना नळावर तोंड ओलं केलं की झाला घाम. घरी बायको भागम्मा चहाला थांबलेली असे. नवरा घाम गाळून येणार, मग आपण आधी कसा घ्यायचा, असं ती म्हणे. तेव्हा भजी घशाशी येत, पण दुसऱ्या दिवशी पाय पुन्हा तिकडेच वळत.

शिवरात्रीला अप्पा पालखीपुढे चढ चढले. दारात शंख ओठाला लावला, तर नुसती फुस्स हवा निघाली. पुन्हा फुंकला, तीच गत. पालखीवाले खांदे बदलत ताटकळले आणि अप्पा धापा टाकत पायरीवर बसले. शंख भागम्माच्या हातात देऊन महेश्वरीने त्यांना तडक टेकडीखालच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी हृदयाचा आलेख काढला. तो ठीक होता. चालता का, असं त्यांनी विचारलं. अप्पांनी तोंड उघडायच्या आत सुनेने अभिमानाने सांगितलं की मामांचा एका दिवसाचाही खाडा नाही. हे ऐकून बाई गंभीर झाल्या. रोज चालणाऱ्याला एवढ्याशा चढाने धाप लागते म्हणजे प्रकरण साधं नाही, आजच परभणीला न्या, नळी घालून हृदय तपासावं लागेल, असं त्या म्हणाल्या. महेश्वरी रडकुंडीला येऊन नवऱ्याला फोन लावू लागली.

नळीचं ऐकून अप्पांना खरा घाम फुटला.

"फोन ठेव, माय," ते फरशीकडे बघत म्हणाले. "मी चालत न्हाई. रोज सटवाजीकडं बसून भजे खातो."

महेश्वरीने फोन खाली घेतला. अप्पांचे कान शरमेने तापले. तेवढ्यात टेकडीवरून शंख वाजला, भरदार, लांबलचक, मध्ये कुठेही न तुटता.

"दम असावा तर असा. कोण हो हे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"आत्याबाई असतील, शंख त्यांच्याच हातात दिला व्हता," महेश्वरी म्हणाली आणि सासऱ्याकडे वळली. "मामा, तुमी चालायला गेलात की त्या रोज टेकडी चढायच्या. तुमच्या काळजाला काई होऊ नये म्हणून महादेवाला नवस बोलल्या होत्या."

अप्पांना वाटलं, हे ऐकण्यापेक्षा नळी परवडली असती.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते बायकोच्या मागून टेकडी चढत होते. भज्यांबद्दल तिने चकार शब्द काढला नव्हता, आणि तेच त्यांना जास्त लागलं होतं. अर्ध्या चढावर भागम्मा थांबली.

"बसा जराक," ती म्हणाली. "च्या घरी गेल्यावर दोघं संगंच घिऊ."

अप्पांनी नुसती मान हलवली. हो म्हणायला छातीत हवा शिल्लक नव्हती.