बर्फाची लादी आणि उमरीचे मामा

मशीन बसवायला मेकॅनिक लागतो, हा लोकांचा मोठाच गैरसमज आहे! लागतं ते डोकं. आणि मी अहमदपूरच्या शाळेत बावीस वर्षं विज्ञान शिकवतोय. उष्णतेचा धडा मला इतका पाठ आहे, की मी तो झोपेत शिकवतो आणि वर्गही झोपेतच ऐकतो. म्हणून सिद्धलिंग मेकॅनिक म्हणाला, "सर, बुधवारी येऊन बसवून देतो," तेव्हा मी नुसता हसलो.

"तू उदगीरहून कशाला हेलपाटा घालतोस? चार बोल्ट आणि तीन नळ्या! रविवारच्या आत मीच बसवतो!"

पण थांबा, आधी मामांचं सांगतो.

मामा म्हणजे माझे सासरे, ज्ञानोबा. वय चौऱ्याहत्तर. रेल्वेत पाण्याच्या पंपावर नोकरी करून निवृत्त झाले, मामी गेल्यापासून उमरीत एकटेच राहायचे. माझी बायको मनिषा त्यांना 'इकडं या' म्हणायची आणि ते 'बघू' म्हणायचे. असं तीन वर्षं चाललं. मग एप्रिलमध्ये एका दुपारी पत्र्याच्या घरात त्यांना भोवळ आली. शेजारच्या पारूबाईंनी मनिषाला फोन केला. मनिषा सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे. रडणाऱ्या पोराच्या हाताला एका झटक्यात सलाइन लावते. पण त्या दिवशी फोन ठेवल्यावर तिला साधं पेनाचं टोपण लावता येईना.

संध्याकाळी तिनं बापाला फोनवरच धरलं. "बाबा, आता बस झालं! खोली रिकामी हाय. एसी बसवते."

"एसी नगं. नांदेडच्या दवाखान्यात चार दिस एसीत ठिवलं व्हतं, मान आजून वळंना."

"मग कूलर?"

"कूलरनं आंथरूण चिपचिप व्हतं. आन् मच्छर लई."

"मग पाहिजे तरी काय तुम्हाला?"

"खोली गार पाहिजे, हवा कोरडी पाहिजे, आन् एसी नगं. आसलं काही घावलं तर सांग. येतो!"

म्हातारा लई हुशार! जे जगात नाही तेच मागितलं, की यायचा प्रश्नच मिटला. मनिषानं फोन ठेवला आणि भिंतीकडं बघत बसली. मला ते बघवेना. मी म्हणालो, "माझ्यावर सोड!"

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, की जणू आता भोवळ मलाच आलीय.

पण असं मशीन जगात निघालं! सिद्धलिंग मोठ्या हॉटेलांची कामं करतो. तिथल्या खोल्यांतून काढलेला एक लांबट पांढरा डबा त्याच्याकडं पडून होता. फॅन कॉइल युनिट! आत तांब्याची वळणावळणाची नळी आणि तिच्यामागं पंखा. नळीत गार पाणी फिरवलं की गार हवा, गरम फिरवलं की गरम हवा. पाणी नळीतच राहतं, त्यामुळं अंथरूण ओलं होत नाही. पंखा हळू ठेवला की मानही धरत नाही. मामांच्या सगळ्या अटी एका डब्यात!

"पण सर, पाणी गार करायला वेगळं मशीन लागतंय," सिद्धलिंग म्हणाला.

"बर्फ मिळतो की गावात! पिंपात बर्फाचं पाणी, छोटी मोटर, झालं काम! आणि हिवाळ्यात गच्चीवरच्या सोलरचं गरम पाणी सोडायचं."

सिद्धलिंगचा चेहरा पांढरा पडला. तो उदगीरचा, सीमेवरचा माणूस. घाबरला की कानडीत शिरतो. "ब्याड री सर, ब्याड!" म्हणजे नको हो, नको! "निदान डबा पाणी निघायच्या बाजूला बोटभर खाली ठेवा. आत दव धरतंय, त्या पाण्याला वाट पाहिजे."

"उतार मला शिकवतोस?" मी म्हणालो.

शनिवारी डबा भिंतीवर चढला. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला मनिषा.

"माझ्याकडची बाजू खाली दिसायलीय!"

"तुला तिथून तसं वाटतं. प्रकाशाचं अपवर्तन!"

"मग लेव्हल लावून बघा की."

"बावीस वर्षं फळ्यावर सरळ रेघ मारतोय मी!"

पिंप मागच्या ओट्यावर ठेवलं. एक नळी पिंपाच्या मोटरपासून डब्याकडं, एक डब्यातून परत पिंपात. तिसरी नळी डब्यापासून काढून न्हाणीघरात येणाऱ्या सोलरच्या पाइपला जोडली आणि मध्ये व्हॉल्व बसवला. बर्फाची लादी पोत्यात गुंडाळून स्कूटरवरून आणली. बसस्टँडपासून घरापर्यंत माझ्यामागं पाण्याची अशी सरळ धार लागली होती, की दोन कुत्री तिच्यामागं घरापर्यंत आली! संध्याकाळी आधी गार हवेची चाचणी घेतली. पास! मग गरम हवेची. तीही पास! आनंदाच्या भरात मी मोटर रात्रभरासाठी पुन्हा चालू केली, मनिषाला टाळी द्यायला धावलो आणि सोलरचा व्हॉल्व उघडाच राहिला. मला तेव्हा त्याचा पत्ता नव्हता, तुम्हाला मात्र सांगून ठेवतो.

रविवारी सकाळी मनिषा ड्युटीवर गेली. जाताना एवढंच म्हणाली, "बाबांना आज इथं बरं वाटलं पाहिजे हो." दहाला मामा एसटीनं आले.

"जय भीम, जावाईबापू."

"जय भीम मामा! या, आधी खोली बघा!"

मामा खाटेवर टेकले. मोटर रात्रीपासून चालूच होती, पिंपात ताजा बर्फ होता; मी फक्त पंखा चालू केला. बाहेर ऊन डांबर वितळवत होतं आणि आत गार, कोरडी, मंद हवा! मामांनी डोळे मिटले. मान डावीकडं वळवली. मग उजवीकडं!

"बरं हाय," ते म्हणाले. मामांच्या तोंडून हा शब्द मी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकला. मी धन्य होऊन दुसरी लादी फोडायला ओट्यावर गेलो.

एवढ्यात घरातून आरोळी आली, "गार! आरं लई गार!"

मला काय माहीत मामा अंघोळीला गेलेत! हा माणूस मे महिन्यातही कढत पाण्यानं अंघोळ करतो. त्यांनी गरम पाण्याचा नळ सोडला होता. आणि माझी मोटर त्या उघड्या व्हॉल्वमधून बर्फाचं पाणी थेट त्याच नळाला ढकलत होती!

"आवडलं ना मामा?" मी ओट्यावरून ओरडलो.

"मेलो! गार!"

"थांबा, अजून एक लादी टाकतो!"

टाकली! मामा बाहेर आले तेव्हा कमरेला टॉवेल, अंगात उलटी बनियन, आणि दात असे वाजत होते की स्टाफरूममधला जुना टाइपरायटर आठवला.

"जा-जावाईबापू, तुमच्यात ग-गरम नळाला ब-बर्फ येतो का?"

मी त्यांना खाटेवर बसवलं, ब्लँकेट गुंडाळलं आणि नळ तपासायला न्हाणीघरात शिरलो. तेवढ्यात वीज गेली.

आता इथं विज्ञान ऐका. वीज गेली म्हणून पिंपाची मोटर थांबली. पण पंखा? तो मी मोठ्या दूरदृष्टीनं इन्व्हर्टरवर घेतला होता! मोटरचा जोर संपला आणि गच्चीवरचं सोलरचं पाणी, मे महिन्याच्या उन्हात तापलेलं, उघड्या व्हॉल्वमधून डब्यात उतरलं. पंख्यानं ती सगळी धग इमानदारीनं मामांच्या तोंडावर फेकली.

"गरम! आरं गरम!" मामा ओरडले.

मला वाटलं, म्हातारा काकडलाय, गरम पाणी मागतोय. "आणतो मामा! दम धरा!" म्हणत मी गॅसवर पातेलं चढवलं.

"गरम! लई गरम!"

"अजून गरम? बरं, उकळी येऊ देतो!"

तोच कंपाउंडच्या भिंतीवर शेजारच्या गुणाबाईंचं डोकं उगवलं. "ओ सर! काय करायलेत तुमी? तुमच्या ओट्यावरून ऊन ऊन पाणी यायलंय! माझ्या कुरडया वाळल्या व्हत्या, त्यांचा परत चीक व्हायलाय!"

सोलरचं पाणी डब्यातून फिरून भरल्या पिंपात पडत होतं आणि पिंप ओसंडत होतं. पण मला आधी मामा महत्त्वाचे! वाफाळतं पातेलं दोन्ही हातांनी धरून मी खोलीत घुसलो.

मामा ब्लँकेट फेकून घामानं निथळत उभे होते. डबा उलट्या बाजूला कललेला, त्यामुळं आत साठलेलं पाणी त्यांच्या मानेवर टप टप पडत होतं. त्यांनी आधी माझ्याकडं पाहिलं. मग पातेल्याकडं.

"आता हे कशाला? गारठवून झालं, भाजून झालं. आता उकडून काढायचं ऱ्हायलंय का?"

कॉपीसकट सापडलेला पोरगा जसा उभा राहतो, तसा मी पातेल्यासकट उभा राहिलो. मनात एकच विचार, मनिषाला काय सांगू? हा माणूस आता पुढची एसटी पकडणार आणि पुन्हा त्या पत्र्याखाली जाऊन बसणार.

मामांनी डब्याच्या नळीवर तळहात ठेवला. मग नळीवरून हात फिरवत, टॉवेलवरच, भिंतीच्या कडेकडेनं ओट्यापर्यंत गेले. व्हॉल्वपाशी थांबले आणि दांडी फिरवून तो बंद केला. पिंपाचं ओसंडणं थांबलं.

"हे कुणी उघडं ठिवलं?"

"मी."

"आन् पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व? तो कुठं हाय?"

"तसला... असतो का?"

मामांनी डोळे मिटले. "पाना आणा," ते म्हणाले.

दोन वाजता मनिषा आली, तेव्हा तिचे वडील बनियनवर स्टुलावर चढून डब्याचे बोल्ट सैल करत होते, नवरा खाली टॉर्च धरून उभा होता, आणि गुणाबाई दारात बसून कुरडयांची कैफियत मांडत होत्या.

"बाबा! उतरा आधी खाली! काय झालं?"

"काही न्हाई. जावाईबापूंनी मला हिवाळा आन् उन्हाळा एकाच दिसात दाखवला. टॉर्च सरळ धरा हो!"

मी फोन केल्यावर तीन वाजता सिद्धलिंग धावत आला. मामांनी त्याला अर्धा तास पाइपलाइन समजावली आणि तो 'हाव मामा, हाव मामा' करत वहीत लिहून घेत होता. मला कुणी काही विचारलं नाही. पाच वाजता डबा सरळ झाला, सोलरची नळी काढून टाकली, आणि खोली पुन्हा गार झाली. मामांना इतकं बोलताना मी मामी गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

मनिषानं चहा दिला आणि भीत भीत विचारलं, "बाबा, आजचं मनावर घेऊ नका. ऱ्हाताल ना इथं?"

मामांनी बशीत चहा ओतला. फुंकर मारली. मग माझ्याकडं बघत म्हणाले, "ऱ्हावंच लागंल, पोरी. तू दिसभर दवाखान्यात. ह्या माणसाला घरात एकटं ठिवणं बरं न्हाई."

मनिषा डोळे पुसत खळखळून हसली. विनोद समजून मीही हसलो. मामा मात्र हसले नाहीत; त्यांनी चहा संपवला, पाना उचलला आणि आपल्या उशीखाली ठेवून दिला.