क्रपीवाची जुडी

"पुढच्या महिन्यात आम्ही दोघं माझ्या बहिणीकडे जातो. उन्हाळाभर दाचाची किल्ली कुणाकडे द्यायची, ते अजून ठरलं नाही," झिनाइदा अर्खीपोव्हना जावयाकडे न बघता म्हणाल्या. "कपितोलिनाला देईन म्हणते. शेजारीण असली तरी तिला निदान चूल पेटवता येते."

वेनियामिनला ते झोंबलं. बागेतलं हे छोटं लाकडी घर नाही मिळालं, तर त्याला आणि बायकोला शहरातल्या एका खोलीत उकडत बसावं लागणार होतं. "आजचं जेवण मी करतो," तो म्हणाला. "क्रपीवाचं सूप."

"तू?" सासूबाईंनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "कर. जमलं तर किल्ली तुझी. कपितोलिनालाही बोलावते, साक्षीला कुणीतरी असू दे."

क्रपीवा म्हणजे हात लागताच आग आग करणारा पाला. मे महिन्यात कुंपणापाशी कोवळी असते, तेव्हाच तिचं सूप करतात. वेनियामिन कात्री घेऊन गेला, हातमोजे मात्र विसरला. चार शेंडे खुडेपर्यंत हात कोपरापर्यंत लाल झाले. फुंकर घालत तो अंगणातल्या वाफेच्या न्हाणीच्या ओसरीवर आला, तर तिथे घंगाळात क्रपीवाची जाडजूड जुडी भिजत पडलेली. त्यानं भीतभीत बोट लावलं. अजिबात आग झाली नाही. सासूबाईंनीच गुपचूप कढत पाण्यात घालून ठेवली असणार. तोंडानं फटकळ असली तरी बाई मनानं वाईट नाही, असं त्याला लग्नानंतर पहिल्यांदाच वाटलं. बिचाऱ्याचे डोळे पाणावले.

दोरा सोडून त्यानं पाला बारीक चिरला. बटाटा घातला, मूठभर चुका घातला, वर उकडलेलं अंडं आणि आंबट साय.

"काहीतरी वेगळीच चव आहे बाई," कपितोलिना दुसरा वाडगा संपवत म्हणाली. "माझ्या हाताला नाही येत अशी."

झिनाइदा अर्खीपोव्हनांना हे वाक्य ऐकायला आयुष्य घालवावं लागलं होतं. "आमच्या घरातली रीत आहे ती," त्या म्हणाल्या आणि त्यांनीही आणखी वाढून घेतलं.

कपितोलिना तिसऱ्या वाडग्यासाठी आत गेली, तेवढ्यात अंगणातल्या टेबलापाशी सासरे प्रोखोर येऊन उभे राहिले. कमरेला पंचा, डोक्यावर न्हाणीतली लोकरीची टोपी.

"नदीत डुबकी मारून येतो तर माझी जुडी गायब. अर्धीच पाठ झोडून झाली होती."

"कसली जुडी?"

"क्रपीवाची. कंबर धरलीय ना माझी, वाफेत बसून तिनं पाठ झोडली की सुटते. घंगाळात तर ठेवली होती."

वेनियामिनचा चमचा तोंडापाशीच थांबला. सासूबाईंनी जावयाकडे पाहिलं, मग स्वतःच्या वाडग्याकडे. आतून पातेलं खरवडल्याचा आवाज येत होता.

"बकरीनं खाल्ली असेल," त्या म्हणाल्या.

कपितोलिना वाडगा सांभाळत बाहेर आली. "वेन्या, रविवारी माझा भाऊ येतोय. त्याला अस्संच सूप करून घाल बाबा. माझा गुडघासुद्धा हलका वाटायला लागलाय."

"घालेल की," झिनाइदा अर्खीपोव्हनांनी खिशातून किल्ली काढून जावयापुढे ठेवली. "आता घर त्याचंच आहे."

मग नवऱ्याजवळ जाऊन त्या हळूच म्हणाल्या, "अहो, शनिवारी पुन्हा न्हाणी तापवा. आणि पाठ आजच्याइतकीच झोडा, जास्त नको."