सरूमामीच्या करंगळीचा कौल

आमचे रंगनाथमामा बरणीला कान लावून बसतात. अगदी गाल चिकटवून, डोळे मिटून. त्या वेळी तुम्ही खोलीत गेलात आणि तुमची चप्पल वाजली, की मामांचं बोट ओठांवर येतं आणि दबका आवाज ऐकू येतो, "शांततेत! बोलायलीय ती."

बोलणारी ती म्हणजे चिनी मातीची बरणी. तिच्यात द्राक्षाचा रस आंबत असतो आणि बुडबुड करत असतो. फुलंब्रीच्या अलीकडं मामांचा मळा आहे. तिथं हबशी द्राक्षांचे चार वेल आहेत, मामांच्या आजोबांनी लावलेले, पांगाऱ्याच्या झाडांवर चढवलेले. काळी, जाड सालीची, बियांनी भरलेली द्राक्षं. बाजारात कुणी फुकट घेणार नाही. आजूबाजूला सगळीकडं बिनबियांच्या बागा झाल्या, तारा ताणल्या गेल्या, पण मामा हलले नाहीत. "ज्याला बी नाय, त्याला इमान नाय," असं एकदा म्हणाले आणि विषय संपवला.

या द्राक्षांची ते दर उन्हाळ्यात वाईन करतात. पण हा शब्द त्यांच्यासमोर काढायचा नाही. दारू तर नाहीच नाही. "आसव म्हण, आसव. दारू पिणारे निराळे." आणि खरी गंमत पुढंच आहे. या माणसाच्या गळ्यात तुळशीची माळ. हयातीत एक थेंब जिभेला लावलेला नाही! मी एकदा छेडलं, तर म्हणाले, "हलवाई दिवसभर पेढे खात बसतो व्हय रे?"

माझं लग्न झालं आणि बायको पहिल्यांदा मळ्यावर आली. तोडलेल्या द्राक्षांचं टोपलं दिसलं, तशी तिनं ती हौसेनं नळाखाली स्वच्छ धुतली. आता द्राक्षाच्या सालीवर जी पांढुरकी भुकटी असते ना, तिच्याच जोरावर मामांचा रस आंबतो. वरून खमीर नाही, साखर नाही. मामांनी टोपलं पाहिलं आणि मटकन खाली बसले. "आंघोळ घातली! सूनबाई, जीवच धुऊन काढला की त्यांचा!" दोन दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी टोपलंभर द्राक्षं घेऊन शहरात आमच्या गारखेड्याच्या घरी हजर. "ही खायची हायत. धू माय, पाहिजे तेवढी धू."

आता तुम्ही विचाराल, हे चाखत नाहीत, तर आसव झालं की नाही हे ठरवतं कोण? सरूमामी. ठरलेल्या दिवशी मामी न्हाऊन येते. मामा झाकण काढतात. मामी करंगळी बुडवते, जिभेला लावते, डोळे मिटते. मामा शेजारी श्वास रोखून उभे. मग मामी दोनातलं एक बोलते. "बसलं," नाहीतर "अजून नाय." त्यावर अपील नाही. चाळीस वर्षांत मामीचा कौल एकदाही चुकला नव्हता.

यंदा हिवाळ्यात मामीला मोठा ताप आला. बरी झाली, हिंडूफिरू लागली. आम्ही भेटायला गेलो तेव्हा चुलीवर दूध करपून घरभर वास सुटला आणि मामी तिथंच बसून भाजी निवडत होती. आम्हाला वाटलं, थकलीय बिचारी.

उन्हाळ्यात नेहमीप्रमाणं मामांनी सगळ्या नातेवाइकांकडं बाटल्या पोचवल्या, जुन्या बनियनमध्ये गुंडाळून. मी पहिला घोट घेतला आणि माझं तोंड असं झालं की बायकोनं विचारलं, "काय, विंचू चावला का?"

शुद्ध सिरका, व्हिनेगर! डोळ्यांतून पाणी आलं. तेवढ्यात मावसभावाचा फोन. "दादा, तू पिलास का? आमच्यात तर कांद्यावर टाकायलेत." सगळ्या खानदानात तीच बोंब, पण मामांना सांगणार कोण? मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला शेवटी मलाच पाठवलं, कारण भाच्यांत मी थोरला.

रविवारी गेलो. मामा पांगाऱ्याखाली बसले होते. मी घसा खाकरला. "मामा, यंदाचं आसव जरा..."

"सिरका झालंय," मामाच म्हणाले.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"माळ गळ्यात हाय, नाकात नाय."

मला संतापच आला. "मग वाटलंत कशाला गावभर?"

मामांनी एकदा घराकडं वळून पाहिलं. मग आवाज बारीक करून म्हणाले, "झाकण काढलं तवाच खोलीभर आंबूस वास सुटला. तिनं करंगळी लावली अन् हसून म्हणली, बसलं. तवा कळलं मला. वास, चव, समदंच गेलंय हिचं."

"मग विचारायचं होतंत की तिला."

"काय विचारू? तापातनं उठल्यापासनं एकेक सोडायलीय ती. पुरणाला हात लावीना. लोणचं शेजारणीला घालाय दिलं. हे एकच राहिलंय. मी बरणी ओतून दिली असती, तर हे बी सोडलं असतं तिनं. पोरं पुण्याला. त्या खोलीत माझ्यापाशी दुसरं कोण येऊन उभं राहतंय रे?"

मला त्यांच्यावर चिडलो याची लाज वाटली.

"डॉक्टरला विचारून आलो एकटाच," ते म्हणाले. "म्हणला, येईल परत, नाय तर नाय बी. पुढल्या साली तू ये. तिच्या एक दिस आधी. गुपचूप चाखून मला सांग. बसलं आसंल तरच मी तिला हाक मारीन. मग ती म्हणंल ते खरंच निघंल."

मी मान डोलावली. तेवढ्यात मामी चहा घेऊन आली. कप दिला, पण गेली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली.

"कसं झालंय रे यंदाचं? कुणीच काय बोललं नाय."

मामा माझ्याकडं पाहीनात. मामी मात्र माझ्या तोंडाकडं एकटक बघत होती. तिला इतकी भ्यालेली मी कधी पाहिली नव्हती.

"मामी, आमची बाटली संपली," मी म्हणालो. "अजून एक मिळंल का?"

"संपली? अगं माय!" मामीचा चेहरा उजळला. "एक काय, दोन ने की!" म्हणत ती लगबगीनं आत गेली.

मामा उपरण्यानं डोळे पुसत होते. आतून बाटल्यांचा आवाज आला आणि पाठोपाठ मामीचा, "तीन देते रे! सूनबाईला बी लई आवडलं आसंल."