पंखा बदलला आणि भाकरी बंद झाली

गाडीतलं मला सगळं कळतं! म्हसळ्याच्या बाजूला कुणाची गाडी बंद पडली की ओढायला बोलावतात ते रामाला, म्हणजे मलाच! तेव्हा माझ्या टोचनच्या गाडीचा इंजिनवर फिरणारा पंखा काढून बॅटरीवरचा बसवायचा, हे मी एकट्यानंच ठरवलं. घरात विचारणार तरी कुणाला? बायको गेली, मुलगा विनेश अलिबागला.

"काका, वजन ओढणाऱ्या गाडीला इंजिनचाच पंखा बरा," प्रितम मेकॅनिक म्हणाला.

"आणि आवाज? चढावर विमान उडाल्यासारखा! शेजारच्या नीरावहिनी रोज शिव्या घालतात!"

घालायच्याच! मी चढाला लागलो की, "आला मेला भोंगा! बोंबील हादरले माझे!" मग थोड्या वेळानं कुंपणावरून भाकरी-कालवण यायचं. दिवसभरात माझ्याशी आपुलकीनं बोलणारं तेवढंच माणूस.

नवा पंखा बसला. गाडी मांजरीच्या पावलांनी मागच्या अंगणात आली. शिव्या नाहीत! मी खूश. पण भाकरीही नाही! दुसऱ्या दिवशीही नाही. म्हटलं, रागावल्या वाटतं. मग मीही मानी! चहात बिस्किटं बुडवून खाल्ली, विचारायला गेलो नाही. दिवा लावायचाही कंटाळा यायचा. एकट्यासाठी कशाला लावा?

एकदा तळा गावाहून भरलेला टेम्पो ओढून आलो. इंजिन तापलेलं. चावी काढून घरात टेकतोय, तोच बंद गाडीत पंखा आपोआप सुरू! घर्रर्र!

"चोर! चोर!" नीरावहिनी किंचाळल्या.

"कुठाय चोर?" मीही काठी घेऊन धावलो. पलीकडच्या घरातला चंदर वल्हं घेऊन आला आणि तिन्हीसांजेच्या अंधारात माझ्याच पाठीत दणका!

"अरे, मी रामा!"

"रामा लेकाकडं गेलाय!" चंदरनं पुन्हा वल्हं उचललं.

वहिनींनी माझ्या तोंडावर बॅटरी मारली. "अगो बाई, भावजी! कधी आलात?"

"गेलोच न्हवतो कुठं!"

"मग भोंगा कुठं गेला तुमचा? तो ऐकला की मी तव्यावर तुमची भाकरी टाकते. ऐकू आला न्हाय, म्हटलं विनेशनं नेलं एकदाचं. सगळ्या आळीला सांगितलं. सगळ्यांना बरं वाटलं हो!"

विनेशचा साधा फोनही आला नव्हता. मी पाठ चोळत उभा राहिलो. फार वाईट वाटलं.

सकाळी प्रितमकडे जाऊन जुना पंखा परत बसवून घेतला.

"डिझेल जास्त खाईल, काका."

"खाऊ दे रे!"

संध्याकाळी चढावर पंखा गरजला आणि पाठोपाठ, "आला मेला भोंगा!" काय बरं वाटलं सांगू! घर आलं होतं, तरी गाडी वळवली, खाली गेलो आणि तोच चढ पुन्हा चढलो.

त्या दिवशी कुंपणावरून दोघांचं जेवण आलं. दोनदा आवाज ऐकून वहिनींना वाटलं, मागोमाग विनेशची गाडी आली!

मी दोघांचंही जेवलो.