साळूताईचे काटे आणि महाराजांचा चेहरा

एका जंगलात, मुलांनो, सगळे काही होते. फक्त लाकूड संपत आले होते.

आता तुम्ही विचाराल, जंगलात लाकूड कसे संपेल? तर तिथल्या सिंहमहाराजांना शिजवलेले खायचा नाद लागला होता. शेजारच्या राज्यातला वाघ रस्सा भुरकतो, असे त्यांच्या कानावर आले. झाले, यांनीही मुदपाकखाना उघडला. झाडे चुलीत जाऊ लागली. शेवटी ओढ्याकाठचा जुना अर्जुन तेवढा उरला.

त्या अर्जुनाच्या मुळांत साळूताई नावाची साळिंदर राहत होती. चांगली शिकलेली होती. एके दिवशी तिला अर्जुनाच्या बुंध्यावर कुऱ्हाडीची खूण दिसली. ती तडक दरबारात गेली.

"महाराज, चुलीला लाकूड कशाला हवे? पाण्यातच एक जळणारा वायू दडला आहे, हायड्रोजन. उन्हापासून वीज करायची, पाण्यात सोडायची. पाणी फुटते आणि वायू वर येतो."

"मग आजवर कुणी काढला का नाही?" महाराजांनी विचारले.

"पाणी हट्टी आहे, महाराज. त्याला गोंजारणारा कुणीतरी लागतो. त्याला उत्प्रेरक म्हणतात. तो स्वतः खर्ची पडत नाही, नुसते काम सोपे करतो. प्लॅटिनम यात पटाईत आहे, पण ते आपल्याकडे मिळत नाही. म्हणून मी निकेलच्या पत्र्यावर काटे उगवून घेतलेत. काट्यांवर आणखी बारीक काटे, मुंगीलाही दिसणार नाहीत असे. जितके काटे जास्त, तितक्या पाण्याला भिडायला जागा जास्त."

महाराजांना यातले काही कळले नाही, म्हणून त्यांनी मान डोलावली. "येतो बघायला. चूल पेटली तर झाड तुझे. नाही पेटली तर झाड चुलीत."

साळूताईने ओढ्याकाठच्या आपल्या प्रयोगशाळेत चूल पेटवून पाहिली. पाण्यात बुडबुड्यांची नुसती झुंबड उडाली. चूल झटकन पेटली. त्या रात्री ती निवांत झोपली, आणि तिथेच चुकली.

कारण त्या जंगलात एक रीत होती. महाराज जिथे जाणार तिथे आधी साफसफाई. वाटेतल्या दगडांना चुना, उरलेल्या खुंटांना गेरू, कासवाच्या पाठीला तेल. कोल्होजी कारभारी हे सगळे जातीने बघत.

कोल्होजी प्रयोगशाळेत शिरले आणि पत्रा पाहून त्यांनी नाक मुरडले. काळा, खरबरीत, कढईच्या बुडासारखा. "हे ध्यान महाराजांना दाखवायचे?" त्यांनी शशिकलाबाई सशिणीला बोलावले. शशिकलाबाई कामाला वाघ. तिने चिंच घेतली, राख घेतली, आणि पत्रा लख्ख करून काचेच्या टाकीत परत टांगला.

सकाळी साळूताई आली आणि तिने पत्रा उलटसुलट करून पाहिला.

"माझे काटे कुठे गेले?"

"कसले काटे, ताई? मी हातांनी घासला. एकसुद्धा टोचला नाही," शशिकलाबाई कौतुकाने म्हणाली.

साळूताईला रडूच कोसळले. नवे काटे उगवायला कितीतरी दिवस लागणार होते, आणि बाहेर तुतारी वाजत होती. महाराज आले. मागोमाग कुऱ्हाडी खांद्यावर टाकून अस्वलेही आली.

नारळ फुटला. वीज सोडली. पाण्यात एक बुडबुडा आला, जरा थांबला आणि पत्ता चुकल्यासारखा वर गेला. चूल ढिम्म.

साळूताईने डोळे मिटले. पण कुऱ्हाडीचा घाव काही ऐकू येईना, म्हणून तिने एक डोळा उघडला. महाराज चुलीकडे बघतच नव्हते. टाकीतल्या पत्र्यात त्यांना आपला चेहरा दिसला होता.

"आयाळ डावीकडे जरा चपटी बसली आहे का रे?"

"छे, महाराज. भारदस्त दिसते आहे," कोल्होजी म्हणाले.

"यंत्र झकास आहे, कारभारी."

साळूताई जन्मात कधी खोटे बोलली नव्हती. तिने तोंड उघडले. "महाराज, यंत्र अजून..."

तिला दारातून अर्जुन दिसला. बुंध्याला टेकून एक अस्वल कुऱ्हाडीला धार लावत होते.

"...अजून बाजूनेही बघण्यासारखे आहे," ती म्हणाली.

महाराज बाजूला गेले. बाजूने तर ते फारच देखणे दिसत होते. त्यांनी तिथल्या तिथे अर्जुनाला अभय दिले आणि जंगलात लाकूडतोड बंद केली.

आता मुदपाकखान्यात लाकूडही नाही आणि वायूही नाही. पण हे सांगणार कोण? आचाऱ्याने कच्चे मांसच ताटात वाढले, वर कोथिंबीर भुरभुरली आणि 'वायूवरचा रस्सा' म्हणून पुढे ठेवले. महाराजांनी ताट चाटूनपुसून साफ केले. "शिजवलेले असावे तर असे," ते म्हणाले.

इकडे साळूताईने नव्या पत्र्यावर सावकाश काटे उगवून घेतले. तो काळा पत्रा तिने चकचकीत पत्र्यामागे टांगला आणि चूल खरोखर पेटली. कुणाच्या लक्षातही आले नाही, कारण ती पहिल्या दिवसापासून पेटलेलीच आहे, असे सगळे धरून चालले होते. आता सगळ्या सशांची पालेभाजी तिच्यावर शिजते. पुढचा पत्रा शशिकलाबाई अजूनही नेमाने घासते. चिंच तिला साळूताईच आणून देते.

तात्पर्य: वरवरच्या चकाकीला भुलू नये, हे तुम्हाला शाळेत सांगतीलच. तुम्ही भुलू नका. पण भुलणाऱ्याच्या मागे कुऱ्हाडी उभ्या असतील, तर मुलांनो, पत्रा घासायला आपणही हात लावावा.