उस्मान मिस्त्रींची शिडाची होडी

ज्या उन्हाळ्यात आमच्या युसूफ वडगावला आठ दिवसांतून एकदा टँकर यायचा, त्या उन्हाळ्यात उस्मान मिस्त्री रोज सकाळी आपल्या होडीला दोन घागरी पाणी पाजायचे. पाजायचे म्हणजे पाजायचेच. आधी आतल्या फळ्यांवर हळूहळू ओतायचे, मग ओल्या फडक्यानं बाहेरून पुसून काढायचे, वरून भिजवलेली पोती झाकायचे आणि मगच दुकानाचं शटर वर करायचे.

आता तुम्ही विचाराल, बीड जिल्ह्यात होडी कुठून आली? विचारा की. बावीस वर्षं मीही तेच विचारत होतो. माझं खत-बियाण्यांचं दुकान आणि मिस्त्रींचं विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी बांधायचं दुकान, भिंतीला भिंत लागून. मागं दोघांचं मिळून एक अंगण, पलीकडं त्यांचं घर, आणि मधे लिंबाखाली ती होडी. चांगली अठरा हात लांब. मधोमध डोलकाठी, आणि शीड गुंडाळून दुकानाच्या आढ्याला टांगलेलं. आमच्या गावातल्या निम्म्या लोकांनी समुद्र फक्त टीव्हीत पाहिलाय, आणि मी रोज खताची पोती उतरवून घेताना ह्या होडीला वळसा घालायचो.

तर त्या उन्हाळ्यात गल्लीतल्या बायका खवळल्या. माणसाला प्यायला पाणी नाही आणि हा बाबा लाकडाला पाजतोय. सगळ्या मिळून जाब विचारायला आल्या. मीही मागं जाऊन उभा राहिलो, कारण मलाही राग आलताच. मिस्त्रींनी हातातली घागर खाली ठेवली आणि म्हणाले, "माझ्या वाट्याचं हाय. मी आंघूळ करत न्हाई."

खरंच होतं ते. दोन महिने हा माणूस ओला टॉवेल अंगावरून फिरवून भागवत होता आणि आंघोळीचं पाणी होडीला देत होता. "लाकूड कोरडं पडलं की फळ्या फाकत्यात," त्यांनी बायकांना समजावलं. "फाकल्यावर मग होडी न्हाई ऱ्हात, चाळणी होती." बायका परत गेल्या. मीही दुकानात येऊन बसलो. त्या दिवसापासून मला ह्या माणसाची जराशी भीती वाटायला लागली, देवळात गेल्यावर वाटते तसली.

मिस्त्री अंगानं वाळके, उंच, आणि बोलणं सगळं मोटारीच्या भाषेत. मला बीपीची गोळी सुरू झाली तेव्हा भेटायला आले, माझ्याकडं जरा वेळ बघितलं आणि म्हणाले, "शेट, तुमी लोड लई घेता. व्होल्टेज कमी असलं की मोटर बंद ठिवायची असती." डॉक्टरनंही तेच सांगितलं होतं, पण मला ते मिस्त्रींकडून समजलं. गल्लीत कुणा नवराबायकोचं वाजलं की ह्यांचं निदान ठरलेलं. "फेज उलटी लागलीय. दोन वायरी बदला, सरळ फिरंल." त्या दोन वायरी कोणत्या, हे मात्र ते कधी सांगायचे नाहीत.

कामात मात्र माणूस असा, की हात जोडावेत. शेतकऱ्याचा फोन यायचा, मोटर नुसतीच घुमायली म्हणून. मिस्त्री म्हणायचे, "फोन मोटरीपाशी धर." डोळे मिटून ऐकायचे. मग शांतपणे, "बुश गेलंय. ह्यो हप्ता काढंल, पुढच्या हप्त्यात घिऊन ये." आणि मोटर पुढच्याच हप्त्यात बसायची. विहिरीच्या तळातली मोटर हा माणूस केज रोडवर बसून तपासतो, ह्याला काय म्हणावं? मी तर हात टेकले.

होळी झाली की त्यांचा सीझन सुरू व्हायचा तो पाऊस पडेपर्यंत. त्या चार महिन्यांत दुकान एक दिवस बंद नाही. थोरल्या पोराचा निकाह लागला, जेवणं उरकली आणि दुपारी हे नव्या कपड्यांवरच तांब्याची तार घेऊन बसले. कुणीतरी बोललं, तर म्हणाले, "ह्या दिसांत मोटर बंद म्हंजे वस्ती तहानली. निका तर झाला न्हवं?"

असल्या हिशोबी, कामाच्या माणसानं अंगणात होडी का ठेवावी? "घेतली कावून?" असं मी शंभरदा विचारलं असेल. उत्तर एकच. "चीज चांगली हाय, शेट." मला एवढंच ठाऊक, की बंदराला कापसाच्या गाठी पोचवून रिकामा येणारा एक ट्रक एका सकाळी होडी घेऊन आला, आणि विहिरीचा गाळ काढायच्या क्रेननं ती खाली उतरवली. जैनबभाभी तेव्हा दारात उभ्या होत्या. तिथूनच वळून आत गेल्या.

जैनबभाभी म्हणजे ह्या घरातलं मेन स्विच. मिस्त्री तरुणपणी कोकणात मच्छीमारांची इंजिनं दुरुस्त करायला गेलते, तिथून लग्न करूनच परतले. भाभी बोलायच्या कमी, पण बोलल्या की मिस्त्री लगेच उठायचे. होडीला त्यांनी कधी हात लावलेला मी पाहिला नाही. शीड तेवढं वर्षातून एकदा कामाला यायचं. उन्हाळ्यात गल्लीतल्या बायका ते पसरून त्यावर कुरडया घालायच्या, आणि मिस्त्री दुकानातून दर दहा मिनिटांनी डोकावून बघायचे, कुणी चप्पल घालून तर चढलं नाही ना.

ह्या वर्षी ऐन सीझनमध्ये होडीखालून घोणस निघाली. चांगली मनगटाएवढी. भाभींनी ती मारून घेतली आणि मिस्त्रींना सांगितलं, "एक तर ही होडी राहील, न्हाई तर मी राहीन." मिस्त्रींनी लगेच एका पत्र्यावर रंगानं लिहिलं, "होडी देणे आहे. पाण्यात घालणाऱ्यालाच," आणि तो दुकानाला टांगला.

बीड जिल्ह्यात अशी पाटी लावल्यावर कोण येणार? तर लोक आले, आणि काय एकेक आले.

पहिला आला हायवेवरचा ढाबेवाला. त्याला होडीत टेबल टाकून फॅमिली सेक्शन करायचा होता. मिस्त्रींनी विचारलं, "पाणी?" तो म्हणाला, "पाण्याच्या बाटल्या हायती की." मिस्त्री तार गुंडाळायला लागले. दुसरा नेकनूरकडचा म्हशीवाला. त्यानं होडीची लांबी पावलांनी मोजली आणि खुशीत म्हणाला, "एका लायनीत आठ म्हशी बसत्यात की. असली गव्हाण जिल्ह्यात न्हाई." मिस्त्रींनी त्याला चहा पाजला आणि म्हशींची खुशाली विचारून परत पाठवलं. तिसरे एका पुढाऱ्याचे कार्यकर्ते. साहेबांच्या वाढदिवसाला होडी ट्रॉलीवर चढवून, साहेबांना शिडाखाली उभं करून तेलगावपासून मिरवणूक काढायची होती. "पाण्यातून जाताना दिसले पायजेत," ते म्हणाले. मिस्त्री म्हणाले, "मग पाण्यातूनच न्या." त्यावर साहेबांना पोहता येत नसल्याचं कळलं.

भाभींचा जीव मेटाकुटीला आला. "देऊन टाका ना कुणाला तरी," त्या माझ्यासमोर म्हणाल्या. "जळणाला द्या." दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रींच्या पुन्हा दोन घागरी. माझं मलाच वाटायला लागलं, की ह्यांना होडी द्यायचीच नाही, आणि ही पाटी म्हणजे भाभींच्या डोळ्यांत धूळ.

मग मांजरा धरणात जाळं टाकणारा एक म्हातारा आला. तो पहिला माणूस, ज्यानं होडीकडं न बघता होडीखाली बघितलं. आडवा होऊन आत सरकला, बोटांनी फळ्या वाजवल्या, नखानं लाकूड खरवडलं. बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे मोठे झाले होते. "बावीस वर्सं जमिनीवर हाय म्हणता? मिस्त्री, आज पाण्यात घातली तर थेंब आत यायचा न्हाई." मिस्त्रींचा चेहरा असा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. पाण्यात घालणारा माणूस, तोही जाणता. आता नाही म्हणायला जागाच नव्हती.

"उद्याच नेतो," म्हातारा म्हणाला. "फकस्त ही डोलकाठी कापावी लागंल. धरणात शिडाचं काय काम? आमी वल्ही मारतो."

"कापायची न्हाई."

हे मिस्त्री बोलले नव्हते. भाभी चहाचे कप घेऊन मागं उभ्या होत्या. त्यांनी कप ओट्यावर ठेवले, होडीपाशी आल्या आणि काठावर हात ठेवला. "अब्बाची होडी हाय ही," त्या म्हाताऱ्याला म्हणाल्या. "काठी त्यांनी सोता तासलेली."

मी बावीस वर्षांचा शेजारी, आणि हे मला आज कळत होतं. म्हाताऱ्यानं आपणहून टोपी काढली. भाभींनी मग सगळं सांगितलं, आवाज न चढवता. भाभींचे वडील गेले ते असेच उन्हाळ्यात, ऐन सीझनमध्ये. निरोप आला तेव्हा दुकानात अकरा मोटारी उघड्या पडलेल्या. मिस्त्री म्हणाले, पाऊस पडला की जाऊ. पाऊस पडेपर्यंत भाभींचा भाऊ घराला कुलूप घालून दुबईला निघाला होता आणि होडी मोडीत काढणार होता. भाभी रोज रडायच्या. ते बघून मिस्त्रींनी, कुणालाही न विचारता, ट्रकवाल्याला सांगून होडीच उचलून आणवली.

"ह्यांला वाटलं, मी होडीसाठी रडतीय," भाभी म्हणाल्या. "मला चार दिवस तिकडं जायचं होतं. अब्बाच्या कबरीवर माती घालायची होती. आता रोज सकाळी दार उघडलं की अब्बा दिसत्यात, आणि मी त्यांच्या मयतीला न्हवते."

मिस्त्रींनी हातातला स्क्रू-ड्रायव्हर ओट्यावर ठेवला. "मला वाटलं, तुला बरं वाटंल," ते म्हणाले. "एवढं न्हाई कळलं मला."

"तुमी पाणी घालत होता तिला. मग मी काय बोलणार?"

म्हातारा चहा पिऊन गेला. जाताना होडीला हात लावून तो कपाळाला लावला.  संध्याकाळी मिस्त्रींनी भाभींच्या भावाच्या, दुबईहून परतलेल्या पोराचा नंबर मिळवला आणि त्याच्याशी बोलले. खाडीत आजोबांच्या जागेवरच होडी बांधून ठेवतो, असं तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी ट्रक आला, क्रेन आली. होडी वर उचलली तेव्हा निम्मं गाव जमलं होतं, आणि कुणी हसलं नाही. भाभी नवी साडी नेसून केबिनमध्ये बसल्या होत्या, मांडीवर पिशवी. मिस्त्रींनी दुकानाचं शटर खाली ओढलं. ऐन वैशाखात ते शटर बंद झालेलं आमच्यापैकी कुणीच पाहिलं नव्हतं. कुलूप लावून त्यांनी ते दोनदा ओढून बघितलं.

मी जवळ गेलो. ते हळूच म्हणाले, "शेट, बावीस वर्सं तिकडं तोंड न्हाई दावलं. मुलीला बापाच्या मयतीला आणलं न्हाई, असं लोक म्हणतील. म्हणू दे. खरंच हाय ते."

आत दोन मोटारी उघड्या पडल्या होत्या आणि रस्त्यावर एक शेतकरी तिसरी डोक्यावर घेऊन उभा होता. मी विचारलं, "मिस्त्री, लोकांला काय सांगू? परत कधी येणार?"

मिस्त्रींनी वर केबिनकडं बघितलं. मग पायरीवर पाय ठेवत म्हणाले, "ती म्हणंल तवा."